पाचवा ठोका

ये दुबराज, बस. अरे, तिकडे सावलीत कुठे चाललास, इथे हापशाजवळच टेक. जेठ महिन्याचं ऊन आहे हे मलाही कळतं, पण मला इथून उठायचं नाही. का, ते ओघात येईलच. आधी तुझं काम मिटवू. तुझ्या टोळीत माझं नाव घालू नकोस. मी वर येणार नाही.

असा बघू नकोस. बावीस वर्षं मी त्या रस्त्यावर काढली. दुमक्याहून निघायचं, दोन दिवस आगगाडी, मग ट्रकच्या पाठीवर बसून लडाख, आणि तिथून पुढे जिथे रस्ता संपतो तिथे आपलं काम सुरू. रस्ता फौजेचा. पलीकडे सीमा, चौक्या, त्यांचं रेशन, त्यांचं रॉकेल. पण डोंगर फोडतं कोण, डांबर टाकतं कोण, बर्फ उपसतं कोण? आपणच, संताल. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही, खोटं कशाला बोलू. मला पहिल्यापासून बघायची खोड. कुठे यंत्र चालू दिसलं की बाबूधन हेंब्रम तिथे उभा. स्वतःच्या लग्नालासुद्धा मी उशिरा पोचलो होतो. वाटेत रोड रोलर चालू होता, तो बघत राहिलो. चार वऱ्हाडी आधी दारात, आणि नवरा मागाहून एकटा. गावभर हसं झालं. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

तू पहिल्यांदाच टोळी घेऊन वर चाललायस म्हणून तिथली एक रीत सांगतो. कारलुंग ला नावाची खिंड आहे. ‘ला’ म्हणजेच खिंड. ती हिवाळ्यात बंद असते. फेब्रुवारी सरत आला की दोन्ही बाजूंनी डोझर लावून बर्फ कापायला घेतात. अलीकडून आपण, पलीकडून दुसरी टोळी, आणि माथ्यावर कुठेतरी गाठ पडते. बर्फाच्या भिंती अशा, की एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तरी डोकं वर निघणार नाही. मग पलीकडचे कुठवर आले ते कळायचं कसं? साहेब लोकांकडे वायरलेस असतो, पण तो अर्धा वेळ मुका. म्हणून आपल्या माणसांनी कठडा धरला.

दरीच्या बाजूला लोखंडी कठडा आहे, पट्ट्याला पट्टा बोल्टने जोडलेला, दोन किलोमीटर सलग. बर्फात पुरलेला असला तरी लोखंडच ते. इकडे पान्याने ठोकलं की तिकडे कान लावणाऱ्याला ऐकू येतं. इंजिनं बंद करायची, बर्फ उकरून कठडा मोकळा करायचा, त्यावर पातळ फडकं टाकायचं आणि कान टेकायचा. फडकं विसरू नकोस, नाहीतर कानाची साल तिथेच राहील. प्रत्येकाचा ठोका वेगळा असतो, म्हणजे कोण आहे ते पलीकडे कळतं. माझा दोन आणि एक. मोरुपचा सावकाश तीन. मोरुप आमचा डोझरवाला, लडाखी माणूस. त्याला सगळे आचो म्हणतात. त्यांच्यात थोरल्या भावाला तसं म्हणतात.

आणि सोमायचा ठोका होता चार भराभर, मग थांबा, आणि मग पाचवा.

सोमाय मरांडीला तू लहानपणी पाहिलं असशील. माझा मेहुणा, पानोचा एकुलता एक भाऊ. माझ्या लग्नात आठ वर्षांचा होता, दारात उभा राहून वऱ्हाडी मोजत होता. मोठा झाला, माझ्याबरोबर वर यायला लागला, पण ते काही विसरला नाही. मी विचारलं होतं, “काय रे, तुझा पाचवा ठोका एवढा उशिरा का?” तर सगळ्या टोळीसमोर म्हणतो, “चार वऱ्हाडी आले, दाजी. पाचवे तुम्ही. रोलर बघताय अजून.” तेव्हापासून त्या पाचव्या ठोक्याला अख्खी टोळी ‘दाजी’च म्हणायची. कान लावला की पोरं ओरडायची, “चार आले! दाजी यायचेत! आले, आले दाजी!”

मेहुणाच तो. थट्टा करायचा त्याला हक्कच होता. आणि मला ती आवडायची, हे त्याला कधी सांगितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. खिंड बंद करायचा शेवटचा दिवस होता. चौथ्या वळणावर कठड्याचे बोल्ट सैल झाले होते, ते आवळायला सोमाय पाना घेऊन पुढे गेला. मी म्हटलं, जेवून जा. म्हणाला, “तुमचा चहा होईपर्यंत परत येतो. मला कुठे रोलर बघायचाय?” चहा उकळला, आणि वरच्या उतारावरून एक आवाज आला, कोणी धान्याची गोणी ओतावी तसा. मोठा नव्हता. आम्ही बाहेर येऊन बघतो तर चौथं वळण नव्हतंच. पांढरा उतार सरळ दरीत गेलेला.

आम्ही सळया खुपसत शोधलं. बर्फात लांब सळई घालत जायचं आणि काही मऊ लागतंय का ते हाताने ओळखायचं. रस्त्यावर शोधलं, डोंगराच्या कडेला शोधलं. चार वाजता ऊन गेलं. तेव्हा मी अलीकडच्या टोकाला कठड्यापाशी गेलो, फडकं टाकलं आणि कान लावला. मोरुप माझ्या मागे उभा होता. वर उतारावर अजून बर्फ लोंबत होता, तो कधी सुटेल याचा नेम नव्हता. त्याने विचारलं, “काही?”

मी म्हटलं, “काही नाही, आचो. लोखंड आकसतंय.”

ऊन गेल्यावर लोखंड टकटकतं, हे वर सगळ्यांना ठाऊक आहे. तंबूचे खांब टकटकतात, डोझरचं पातं टकटकतं. मोरुपने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ पडला आणि खिंड सोडून खाली यायचा हुकूम झाला. मी त्याला तिथे ठेवून खाली आलो.

घरी आलो तर पानोने माझ्याकडे बघून मग माझ्या मागे वाटेकडे बघितलं. मी सांगितलं. तिने रडण्याआधी एकच विचारलं, “काहीच ऐकू आलं नाही तुम्हाला? कठड्यातून?” त्या ठोक्यांची थट्टा तिलाही ठाऊक होती. मी म्हटलं, “नाही गं. थंडीत लोखंड आकसतं, त्याची टकटक तेवढी.”

आपल्यात बाहेरून माणूस आला की त्याच्यासमोर पाण्याचा लोटा ठेवतात. शत्रू आला तरी ठेवतात. त्या दिवसापासून पानोने माझ्यासमोर लोटा ठेवला नाही. भात वाढायची, पण माझ्याशी बोलायची नाही. सासू रोज सोमायचं ताट झाकून ठेवायची. जाणत्यांनी सांगितलं की देह सापडत नसेल तर गवताचा बाहुला करून जाळा, विधी उरका. पानो म्हणाली, “गवत दामोदर नदीत घालायचं नसतं. हाड घालायचं असतं.” मी फेब्रुवारीत पुन्हा निघालो तेव्हा दारात येऊन तेवढंच माझ्याशी बोलली. “त्याचं हाड आणा. बोटाचं का असेना. मग तुमच्याशी बोलीन.”

मी पिशवी उचलली आणि चालू लागलो.

यंदा वर नवे साहेब आले होते, सेल्वम साहेब. पार दक्षिणेचे, वय सव्वीस, अंगात तीन स्वेटर आणि नाकावर कायम मफलर. पोरं विचारायची, “साहेब, तुमच्या गावी बर्फ कशात घालतात?” “सरबतात,” ते म्हणायचे, आणि सगळ्यांबरोबर हसायचे. पण माणूस माझ्यासारखाच. काही नवीन दिसलं की थांबायचे, विचारायचे, हात लावून बघायचे. पहिल्याच आठवड्यात कठड्याची रीत शिकले आणि स्वतःचा ठोकासुद्धा ठरवला.

मला मात्र एकच धास्ती होती. डोझरचं पातं. बर्फ कापताना पात्यासमोर काय येतंय ते दिसत नाही. मी मोरुपला म्हटलं, “आचो, चौथ्या वळणापाशी हळू घे.” तो म्हणाला, “ते मला सांगतोस? हिवाळाभर मला झोपेत तेच पातं दिसतंय.”

एप्रिलची नऊ तारीख होती. दुसऱ्या दिवशी रस्ता उघडायचाच होता. खाली फौजेचे ट्रक रांगेत उभे, आणि वरून दर तासाला विचारणा. आम्ही सकाळी सातला चौथ्या वळणाच्या अलीकडे पोचलो. धुकं इतकं दाट होतं, की खाली, वर, बाजूला सगळं एकच पांढरं. स्वतःची सावली नाही. दहा पावलांवरचा डोझर नुसता डिझेलच्या वासावरून कळत होता. सेल्वम साहेब म्हणाले, “पलीकडचे कुठे आहेत बघूया.” मोरुपने इंजिन बंद केलं. त्या शांततेत आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं, खरं सांगतो.

साहेबांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. “आले! पलीकडची टोळी आली! चार... आणि एक. हा कोणाचा ठोका?”

सगळ्यांच्या हातातली फावडी तशीच. मोरुप डोझरवरून खाली उतरला, माझ्याकडे न बघता कठड्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने कान टेकला. मग उठला आणि मला जागा करून दिली.

मी फडकं टाकलं. आधी नुसता गारठा. मग, अगदी बारीक पण स्वच्छ... चार. भराभर. मी श्वास धरला. आणि मग, सावकाश, उशिरा... एक.

“हा पलीकडच्या कोणाचा नाही, साहेब,” मी म्हटलं.

साहेबांनी वायरलेस लावला. त्या दिवशी नेमका तो बोलला. पलीकडची टोळी सांगत होती की त्यांच्या डोझरचा पट्टा तुटलाय, दोन दिवस झाले, सगळे तंबूत बसून आहेत, माथ्यावर कोणीच आलेलं नाही. साहेबांनी वायरलेस खाली ठेवला. “मग ठोकतंय कोण?”

मोरुपने त्यांना सोमायचं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण सगळं सांगितलं.

“पाच महिने...” साहेब म्हणाले. ते घाबरले होते, दिसत होतं ते. पण पळाले नाहीत. पाना माझ्यापुढे करून म्हणाले, “बाबूधन, तू ठोकून बघ.”

मी पाना घेतला आणि ठोकलं. दोन... आणि एक. मी पाना उचलतो न उचलतो तोच उत्तर आलं. चार. आणि एक.

टोळीतला टुडू म्हणाला, “दाजी, निघूया इथून. माणूस पाच महिने ठोकत नाही.” सोमायमुळे मला सगळेच दाजी म्हणायला लागले होते. मी म्हटलं, “मग काय ठोकतंय ते तरी बघूया.” तू म्हणशील, भीती नाही वाटली? वाटली रे. पण मला बघायचं होतं. आणि मला हाड न्यायचं होतं.

साहेब डॉक्टरसारखे कामाला लागले. दहा दहा पावलांवर आम्ही बर्फात खड्डा घेऊन कठडा उघडा करायचो आणि ते कान लावायचे. मागे जावं तर आवाज बारीक. पुढे यावं तर मोठा. वळणापाशी तर असा आला की कान न टेकताही नुसत्या हाताला थरथर कळत होती. वळणापलीकडे मात्र एकदम काही नाही. अजिबात नाही. तिथे खोल खणलं तेव्हा कळलं. गेल्या नोव्हेंबरच्या त्या बर्फाच्या लोटाने कठडा तिथे तोडला होता. पलीकडचं टोक वर होतं आणि अलीकडचं टोक पिळवटून दरीत वाकलं होतं. चाळीस पावलांचा तुकडा मधूनच नाहीसा.

साहेब तुटक्या टोकाकडे बघत म्हणाले, “पलीकडून आवाज यायला रस्ताच नाही. म्हणजे जे काही आहे, ते ह्या टोकाला आहे. खाली.”

खाली! रस्त्यावर शोधलं, डोंगराच्या कडेला शोधलं. पण कठड्याबरोबर तो दरीच्या अंगाला ओढला गेला असेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लोटात सापडलेला माणूस एकतर रस्त्यावर असतो, नाहीतर पार तळाशी. मधे कोणी राहत नाही, असंच आम्ही बावीस वर्षं धरून चाललो होतो.

मोरुपने वर बघितलं. धुक्याआडून सूर्याचा पांढरा डाग दिसायला लागला होता. वरच्या उतारावर ऊन पडलं की बर्फ सुटतो. साहेबांनी घड्याळ काढलं. रस्ता त्यांना उद्या उघडून द्यायचा होता, आणि हाताने खणायचं म्हणजे तेवढे तास डोझर बंद. ते म्हणाले, “अकरा वाजेपर्यंत. अकराच्या पुढे एक मिनिट नाही, कोणी सापडो न सापडो. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

दोर डोझरला बांधले आणि कमरेला दोर लावून आम्ही आठ जण उतरलो. टुडूसुद्धा आला, शिव्या देत देत. बर्फ घट्ट झाला होता, टिकावाने फोडून फावड्याने दरीत लोटायचा. दर थोड्या वेळाने मोरुप हात वर करायचा, आम्ही थांबायचो, आणि तो वाकलेल्या लोखंडाला कान लावायचा. चार... आणि एक. चार... आणि एक. प्रत्येक वेळी जरा जास्त जवळ. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. वरून बर्फाचे बारीक गोळे घरंगळायला लागले. साहेब वर रस्त्यावरून ओरडले, “बाबूधन! दहा मिनिटं!”

मी फावडं टाकलं आणि हातानेच उकरायला लागलो. आता कान लावायची गरज नव्हती. उघड्यावर ऐकू येत होतं, माझ्या छातीसमोरच्या बर्फातून. एक, दोन, तीन, चार.

मी थांबलो. पाचव्याची वाट बघत थांबलो.

तेवढ्यात बाजूला टुडूचं फावडं कापडाला लागलं. मऊ आवाज झाला. आणि पाचवा आलाच नाही.

तो बसलेला होता, दुबराज. कठड्याच्या खांबाला पाठ लावून, वाकलेल्या पट्ट्याखाली जी पोकळी झाली होती तिच्यात. डावा हात लोखंडाभोवती आणि उजव्यात पाना. आम्ही बर्फ काढला तेव्हा त्याच्या तोंडासमोर बर्फ नव्हता, काच होती. वितळून पुन्हा गोठलेली, जाड. मोरुपने त्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. “श्वासाने होतं हे,” तो म्हणाला. “बराच वेळ श्वास घेतल्यावर.”

आणि त्याच्यासमोर कठड्याचा काळा-पिवळा रंग हातभर उडालेला होता. खाली लोखंड चकचकीत, आणि त्यात चेपल्याच्या खुणा. एक नाही, दोन नाही. एकावर एक, एकावर एक.

तिथे, कमरेला दोर बांधलेला, मी बसकण मारली आणि हंबरडा फोडला. माणसांना वाटलं मेहुण्यासाठी रडतोय. तुला खरं सांगतो, आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नोव्हेंबरमध्ये, त्या संध्याकाळी, ऊन गेल्यावर मी कान लावला होता ना? मला टकटक ऐकू आली होती. चार. भराभर चार. मी ऐकली, थोडा थांबलो, पाचवी आली नाही. हात गोठले होते, वर उतार लोंबत होता, जीव घाबरला होता. मी मनाशी म्हटलं, सोमाय असता तर पाचवा आला असता. आणि कान उचलला. पाचवा उशिरा येतो हे सगळ्या जगात मला जास्त ठाऊक होतं. तो पाचवा मीच तर होतो. आणखी एक श्वास थांबलो असतो, तर...

अकराला पाच कमी असताना आम्ही त्याला वर काढला. मोरुपने आपल्या डोझरच्या काचेला बांधलेला पांढरा खाताक, त्यांच्यात मानाचं वस्त्र असतं ते, सोडून त्याच्या गळ्यात घातला. जाताना मी एकदा कठड्याला कान लावला. काही नव्हतं. नुसतं गार लोखंड. अकरा वाजून गेल्यावर उतार सुटला आणि आम्ही खणलेला खड्डा भरून गेला. पलीकडच्यांचा डोझर रातोरात दुरुस्त झाला, दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला आणि ट्रक गेले. साहेबांनी ठोक्यांबद्दल कागदावर काही लिहिलं नाही. मला एवढंच म्हणाले, “ठोके कसले होते ते मला कळलं नाही, बाबूधन. पण मी ऐकले. कोणी विचारलं तर सांगीन.”

खाली तळावर लाकूड जमवून त्याला अग्नी दिला. हाडं नव्या मडक्यात घालून, मडक्याला फडकं बांधून, तीन दिवस मांडीवर घेऊन मी घरी आलो. आगगाडीत शेजारच्याने विचारलं, “काय आहे? तूप?” मी म्हटलं, “मेहुणा.” तो उठून दुसऱ्या बाकावर गेला.

पानोने मडकं हातात घेतलं, कपाळाला लावलं, आत ठेवलं. मग बाहेर आली, आणि माझ्यासमोर पाण्याचा लोटा ठेवला. पाच महिन्यांनी. मी तो लोटा दोन्ही हातांनी उचलून प्यालो आणि मला वाटलं, झालं, सुटलो. हाडं दामोदरात गेली, जेवणं झाली, सासूने ताट झाकून ठेवायचं सोडलं. पानो पुन्हा माझ्याशी भांडायला लागली, थट्टा करायला लागली. त्या चार ठोक्यांचं मी तिला सांगितलं नाही. कशाला सांगू? घर पुन्हा घर झालं होतं.

हे सगळं गेल्या महिन्यातलं.

मग आठ दिवसांपूर्वी दुपारी मी इथे पाय धूत होतो. हापसा बंद होता, जवळपास कोणी नव्हतं. आणि हापशाच्या नळीतून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. चार. भराभर.

पाचवा आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. भर दुपारी, ह्याच वेळेला. मी हापसा खोलून बघितला. वाशर बदलला, दांडा बदलला, नळीत तळापर्यंत दोरी सोडून बघितली. तुला माझी खोड ठाऊक आहे, मला बघितल्याशिवाय चैन पडत नाही. काही नाही आत. नुसतं पाणी. तरी रोज येतात. चारच येतात. तेव्हापासून मी दुपारी इथून हलत नाही, कान इथेच ठेवून बसतो. गावाला वाटतं, बाबूधनला वरचा वारा लागला.

काल पानो घागर घेऊन आली होती. घागर भरली, उचलली आणि उभीच राहिली. ठोके तिनेही ऐकले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि ती हापशाकडे. मग माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतं ना, थंडीत लोखंड आकसतं, त्याची टकटक होते?”

मी म्हटलं, “हो.”

“मग हे आता जेठात कशाने आकसतंय?”

घागर घेऊन ती आत गेली. आज सकाळी शेतावरून आलो, दारात बसलो, वाट बघितली. लोटा आला नाही.

म्हणून सांगतो, मी येत नाही. तू तुझी माणसं घेऊन जा, कठड्याला कान लावशील तेव्हा घाई करू नकोस, आणि... थांब. बोलू नकोस.

ऐकलंस?

चार झाले. बस खाली, हालू नकोस. या वेळी मी कान उचलणार नाही.